क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: सोलापूरला खुर्ची नको, आधी कोच द्या

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी सोलापूरचा. नोकरीची सगळी वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून काढली, त्यातली बरीचशी बास्केटबॉलच्या मैदानावर. आपल्यापर्यंत रोज किती कागद येत असतील याची कल्पना आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. व्हीलचेअर बास्केटबॉल स्वतः खेळलेल्या खेळाडूंना राज्य सरकारने पगारी प्रशिक्षक म्हणून नेमावं, आणि त्यातली पहिली नेमणूक सोलापूरच्या जिल्हा क्रीडा संकुलात करावी. खुर्च्या नंतर आल्या तरी चालतील. आधी माणूस द्या.

हे उलटं वाटेल. आपल्याकडे दिव्यांगांसाठी काही करायचं म्हटलं की साहित्यवाटप आलंच. मंडप पडतो, खुर्च्यांना हार घातले जातात, फोटो निघतात. त्या खुर्च्या ज्यांना मिळतात त्यांच्या त्या उपयोगी पडतात, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खेळ खुर्चीतून सुरू होत नाही. त्या खुर्चीत बसून काय काय करता येतं, हे स्वतःच्या अंगाने दाखवणारा माणूस समोर आला की सुरू होतो.

हे मी एका शिबिरात पाहिलं. दोन खेळाडू चेंडूसाठी एकमेकांवर आदळले आणि त्यातला एक खुर्चीसकट उलटला. पायांना आणि कमरेला पट्टे बांधलेले असतात, त्यामुळे पडणारा खुर्चीसकटच पडतो. चाकं वर, डोकं खाली. कडेला उभे असलेले आम्ही चार-पाच जण धावलो. कोचही व्हीलचेअरवरच होता. त्याने हात आडवा धरून आम्हाला थांबवलं आणि पडलेल्याला तीनच गोष्टी सांगितल्या: हनुवटी छातीला लाव, एक हात जमिनीवर टेक, दुसऱ्याने वरचं चाक धर. मुलाने दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. कोच त्याच्या शेजारी गेला, स्वतःची खुर्ची मुद्दाम कलती करून आडवा झाला आणि सावकाश पुन्हा सरळ होऊन दाखवलं. तिसऱ्या वेळी पोरगं आपलं आपण उठलं. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती, ती मोठ्याने रडायला लागली. अपघातानंतर घरात तो खाली पडला की दोन माणसं लागायची उचलायला.

मंत्रिमहोदय, धडधाकट पायांच्या कोणत्याही क्रीडाशिक्षकाला, मला धरून, हे असं शिकवता आलं नसतं. आम्ही शब्दांत सांगू शकतो. त्या मुलाचा विश्वास बसला तो शेजारी आडव्या झालेल्या कोचकडे पाहून.

आता खेळाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढची मागणी त्यावरच उभी आहे. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन आलेल्या अमेरिकन सैनिकांनी इस्पितळांत हा खेळ सुरू केला आणि १९६०च्या रोम पॅरालिम्पिकपासून तो त्या स्पर्धेत आहे. मैदान तेच, २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. रिंगही तेवढीच उंच, ३.०५ मीटर. बसलेल्या माणसासाठी ती एक इंचही खाली आणलेली नाही. चाकाला दोनदा हात मारला की पुढच्या वेळेआधी चेंडू जमिनीवर आपटायचा किंवा पास द्यायचा. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग धरतात, त्यामुळे तिची धडक म्हणजे त्याचीच धडक. चाकं वरच्या बाजूने आत कललेली असतात, म्हणून ती जागच्या जागी गर्रकन वळते. मागे एक छोटं चाक असतं ते उताणं पडू नये म्हणून.

पण या खेळाची खरी अक्कल गुणांच्या नियमात आहे. प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालीच्या क्षमतेप्रमाणे १.० ते ४.५ असा गुण दिलेला असतो. छातीखाली ताबा नसलेला, तोल जाऊ नये म्हणून पाठीला पूर्ण टेकून बसणारा खेळाडू १.० चा. गुडघ्याखाली पाय गेलेला, पण कंबर-पाठ शाबूत असलेला ४.५ चा. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. गेली, तर टेक्निकल फाउल कोचच्या नावावर पडतो. म्हणजे ४.५, ४, ३, १.५ आणि १ असा संघ चालेल. त्यातला १ चा दमला म्हणून २ चा आत घेतला की बेरीज १५, मग दुसरीकडे कुणाला तरी बसवून कमी गुणाचा खेळाडू आणायचा. चाळीस मिनिटं ही बेरीज-वजाबाकी डोक्यात चालू ठेवून कोचला डावही आखायचा असतो.

या नियमामुळे सगळ्यात जास्त इजा झालेल्या माणसाला संघात जागा मिळते, आणि ती दयेची जागा नसते. १ गुणाचा खेळाडू क्वचितच बास्केट करतो. त्याचं काम वेगळंच. आपला संघ चेंडू घेऊन पुढे निघाला की समोरच्या संघाचा सगळ्यात उंच आणि ताकदवान खेळाडू बचावासाठी मागे फिरतो. आमचा १ चा नेमका तेव्हा आपली खुर्ची त्याच्या वाटेत आडवी लावतो. चालणारा माणूस अंग चोरून बाजूने निसटेल, खुर्चीला ते जमत नाही. त्याला मागे सरकून, वळसा घालूनच यावं लागतं. तेवढ्या वेळात पुढे आमचे चार आणि त्यांचेही चारच, पण त्यांचा सगळ्यात ताकदवान खेळाडू त्यात नसतो. बास्केट पडते, टाळ्या टाकणाऱ्याला मिळतात. पण कुणाची खुर्ची कुठे उभी होती हे कळणारा कोच असेल, तर तो आधी त्या १ वाल्याच्या नावाने ओरडून शाबासकी देतो. ज्याच्यावर कुणी कधी अवलंबून राहिलं नव्हतं अशा मुलाला एक अख्खा संघ आपल्यावर अवलंबून आहे हे कळतं तेव्हा काय होतं, हे एकदा प्रत्यक्ष येऊन बघावं अशी माझी आपल्याला विनंती आहे.

हे शिकवायला खेळ माहीत असून भागत नाही, ते शरीर माहीत लागतं. सोलापूरचंच उदाहरण घ्या. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो हे मी आपल्याला सांगायला नको. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या अंगाला घाम येत नाही. बाकीची मुलं घामाने निथळत असतात आणि हा कोरडाच असतो, पण आत अंग तापत जातं. त्याला सावलीत कधी घ्यायचं, मानेवर आणि दंडांवर पाणी कधी मारायचं, सराव किती वाजता ठेवायचा, हे कोचला ठाऊक हवं. बुडाला संवेदना नसते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन शरीर उचलायचं असतं. नाही उचललं तर बेडसोर होतो, आणि एक बेडसोर खेळाडूला कित्येक महिने अंथरुणाला खिळवतो. लघवीच्या नळीचं काय करायचं हा प्रश्न तर कुठला नवा मुलगा किंवा मुलगी माझ्यासारख्याला विचारणारच नाही. व्हीलचेअरवरच्या कोचला मात्र पहिल्या दिवशी विचारते. आमच्या बी.पी.एड.च्या पुस्तकांत यातलं काही नव्हतं.

खेळाडूचा कोच झाला की काय घडतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण जेस मार्क्ट या अमेरिकन माणसाचं आहे. कॉलेजात तो उंच उडी मारायचा. एकोणिसाव्या वर्षी मोटारीच्या अपघातात पाठीचा कणा जायबंदी झाला. पुढे तो व्हीलचेअर बास्केटबॉल खेळायला लागला आणि वर्षानुवर्षं खेळत राहिला. २००९ साली उत्तर अफगाणिस्तानातल्या मैमना या गावच्या दिव्यांग तरुणांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. हा गेला. युद्ध चालू असलेल्या देशात, व्हीलचेअरवर, ज्यांची भाषा येत नाही अशा मुलांना शिकवायला. थोड्या दिवसांचं शिबिर म्हणून सुरू झालेलं हे काम पुढे त्याच्या आयुष्याचंच काम झालं. काबूलमध्ये इटालियन फिजिओथेरपिस्ट अल्बर्टो कैरो १९९० पासून रेड क्रॉसचं कृत्रिम अवयवांचं काम चालवत होते. तिथे पाय बसवून घ्यायला आलेल्यांनाच काम शिकवून नोकरीला ठेवायची पद्धत होती. मार्क्टने मैदानावर तेच केलं. जे आधी शिकले त्यांना त्याने पुढच्यांचे कोच केलं. म्हणून तो परत गेला तरी सराव चालू राहिले. पुरुषांचा संघ झाला, मुलींचा झाला. त्या मुलींच्या संघाची कर्णधार निलोफर बयात लहान असताना घरावर रॉकेट पडून जखमी झाली होती. २०२१ मध्ये तिला देश सोडावा लागला, आणि पुढे ती स्पेनमध्ये बिल्बाओच्या संघाकडून मैदानात उतरली.

हाच मार्क्ट रेड क्रॉसच्या वतीने भारतातल्या खेळाडूंनाही शिकवून गेला.

भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या स्मारकावरून रोज जाणाऱ्या सोलापूरकराला परदेशात जाऊन माणसं तयार करण्याची ही गोष्ट परकी वाटत नाही. सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते नुसत्या जखमा शिवायला नव्हे. तिथे त्यांनी नवे डॉक्टर शिकवून तयार केले. १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. शिकवलेली माणसं मागे राहिली.

आपल्या देशात हा खेळ उभा केला तोही खेळाडूनेच. माधवी लता या पोलिओ झालेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या आणि पोहण्यात राष्ट्रीय पदकं मिळवणाऱ्या बाई. त्यांच्या पुढाकाराने चेन्नईत व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया सुरू झालं, त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. महाराष्ट्राचे पुरुषांचे आणि महिलांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. मुंबईच्या निशा गुप्ता, गीता चौहान यांसारख्या खेळाडूंची नावं वर्तमानपत्रांत आली आहेत. पुण्यात खडकीला १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथल्या जवानांमध्येही हा खेळ खेळला जातो. म्हणजे राज्यात खेळाडू आहेत. शिकवू शकतील असे आहेत. त्यांना शिकवण्याची नोकरी द्यायला कुणी नाही.

आणि इथे मला घाई आहे, ती का ते सांगतो. आपल्याकडे या खेळाची पहिली फळी मोठ्या प्रमाणात पोलिओ झालेल्यांची आहे. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. फार मोठं काम झालं, घरोघर फिरलेल्या अंगणवाडी ताई आणि आरोग्यसेविकांचं ते यश आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की पोलिओ झालेला आणखी एक खेळाडू आता येणार नाही. आहेत ते तिशी-चाळिशीला पोहोचलेत. खांदे दुखायला लागलेत, कारण ज्या खांद्यांनी खेळायचं त्याच खांद्यांनी दिवसभर चाकं ढकलायची, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून रिक्षात जायचं. पाच-सात वर्षांत त्यातले बहुतेक खेळ थांबवतील. पुढची मुलं येणार ती अपघातातून. सोलापूरवरून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो, विजापूरचा रस्ता जातो. दुचाकीवरून पडलेले, बांधकामावरून पडलेले, झाडावरून पडलेले तरुण सिव्हिल हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक वॉर्डात येतात आणि काही जण कमरेखाली काही न उरल्यासारखे घरी जातात. त्यांना लहानपणापासून खुर्चीची सवय नाही. परवापर्यंत ते धावत होते. त्यातले बरेच १ किंवा १.५ गुणाचे असतील, म्हणजे शिकवायला सगळ्यात अवघड आणि संघाला सगळ्यात गरजेचे. पोलिओच्या पिढीकडे जे कसब आहे ते या पोरांच्या हातात पडायला हवं, आणि देणारी माणसं मैदान सोडून जायच्या आत पडायला हवं.

आपण पदकवीरांचा सत्कार करता, बक्षिसं देता, नोकऱ्या देता. चांगलंच करता. आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं तेव्हा इकडेही पेढे वाटले गेले. पण आपली पद्धत पदक आल्यावर जागी होते. मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या झेलून पांगळे झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ४६ वर्षांनी. मला त्या उशिरापेक्षा दुसरी गोष्ट जास्त सलते. त्या ४६ वर्षांत पेटकरांना एखाद्या तलावावर कायमचं प्रशिक्षक म्हणून बसवलं असतं तर सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडची किती मुलं पाण्यात उतरली असती?

आमच्या जिल्ह्याचा सुयश जाधव घ्या. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गेले. २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने एक सुवर्ण आणि दोन कांस्य पदकं मिळवली, २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. त्यासाठी त्याला सरावाला पुण्याला, बालेवाडीला जावं लागलं. एकटा जिद्दी मुलगा जाऊ शकतो. बास्केटबॉलला बारा जण लागतात. बारा खेळाडू, प्रत्येकाची रोजची एक खुर्ची आणि खेळायची एक, अशा चोवीस खुर्च्या घेऊन कोणता संघ हुतात्मा एक्स्प्रेसने सरावासाठी पुण्याला ये-जा करेल? सांघिक खेळ जिथल्या तिथेच उभा राहतो. म्हणून कोच जिल्ह्यातच हवा.

कायद्याचं बळ आपल्याकडे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३० मध्ये दिव्यांगांना खेळात परिणामकारक सहभाग मिळावा म्हणून सरकारने उपाय करायचे आहेत, त्यासाठी सोयी आणि निधी द्यायचा आहे, असं स्पष्ट म्हटलंय. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. अडचण एवढीच की खेळाडू क्रीडा विभागाकडे गेला की त्याला दिव्यांग कल्याणकडे पाठवतात, आणि तिथून पुन्हा क्रीडा विभागाकडे. कोचची नेमणूक हे क्रीडा विभागाचं काम आहे असा एक शासन निर्णय आपण काढलात तर हा झोका थांबेल.

दुसरी अडचण पात्रतेची. प्रशिक्षकाच्या पदासाठी पटियाळाच्या क्रीडा संस्थेची पदविका मागतात. ती अट ज्या खेळाडूला समोर ठेवून घातली आहे तो दोन पायांवर पळणारा आहे. ज्याने दहा वर्षं राज्याकडून व्हीलचेअर बास्केटबॉल खेळलाय त्याला या अटीतून सूट द्या, किंवा बालेवाडीला फेडरेशनच्या मदतीने दोन-तीन महिन्यांचा अभ्यासक्रम काढून त्याचं प्रमाणपत्र ग्राह्य धरा. मात्र नेमणूक मानधनावर, अकरा महिन्यांची करू नका. ज्याची स्वतःचीच पुढच्या जूनची खात्री नाही, तो सतरा वर्षांच्या जखमी मुलाला तीन वर्षांनंतरचा संघ कसा दाखवणार? आणि पहिल्या नेमणुकांत निदान निम्म्या बायका असू द्या. कोच बाई असेल तर तालुक्याच्या गावातून मुलीला घराबाहेर पाठवायला आई-बाप तयार होतील. पुरुष कोच कितीही भला असला तरी पाठवणार नाहीत, हे मी शाळेतल्या अनुभवावरून सांगतो.

खेळाच्या खुर्च्यांचा खर्च मला माहीत आहे. परदेशी बनावटीची चांगली खुर्ची लाखांत जाते. पण भारतात बनलेल्या त्याहून बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि सोलापुरात वेल्डिंग, बेअरिंग, ट्यूब-टायर हे कळणाऱ्या कारागिरांची वाण नाही. यंत्रमागाचे सुटे भाग इथल्या लेथवर बनतात. एक नमुना खुर्ची हातात आली आणि कुठल्या नळीवर किती भार येतो हे सांगणारा खेळाडू शेजारी बसला, तर दुरुस्ती तरी इथेच होईल.

आमच्या बाजूचं काम आम्ही काही निवृत्त क्रीडाशिक्षक वाटून घेऊ. सोलापूर शहर, अक्कलकोट, मोहोळ, बार्शी इथल्या मुलामुलींपर्यंत पोहोचणं, घरच्यांना समजावणं, सिव्हिलच्या डॉक्टरांशी बोलणं, संध्याकाळी ने-आण करायला रिक्षावाले ठरवणं, बेरजेच्या चौदा गुणांचा हिशेब ठेवायला एक जण टेबलावर बसवणं. कुमठा नाक्यावरच्या जिल्हा क्रीडा संकुलात आठवड्याच्या तीन संध्याकाळी आम्हाला मैदान मिळावं, आणि संकुलात चाकाची खुर्ची आत जाईल एवढ्या रुंद दाराचं, आतून कडी लागणारं एक स्वच्छतागृह असावं. त्याच्याशिवाय मुली येणार नाहीत, आणि मुलं पाणी न पिता सरावाला येतील, जे या उन्हात घातक आहे.

नेमणुकीचा आदेश निघाला की येणाऱ्या कोचसाठी संकुलाजवळ तळमजल्यावरचं, उंबरा नसलेलं घर भाड्याने बघून ठेवतो. कोच रुजू होण्याची तारीख तेवढी फक्त महिनाभर आधी कळवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सोलापूर